चाल होर्ग्याची, चाल जुन्नरची

स्वीडनच्या हेल्सिंगलंड प्रांतात होर्गा नावाचं एक खेडं आहे. तिथली जुनी कथा अशी. एका रात्री गावातली तरणी पोरं नाचत असताना कुणी अनोळखी वादक आला आणि त्याने फिडलवर अशी चाल धरली, की नाचणाऱ्यांना थांबताच येईना. त्याच्या पायाला खूर आहे हे ध्यानात येईपर्यंत उशीर झाला होता. सगळा जथा नाचत नाचत होर्ग्याच्या डोंगरावर गेला आणि हाडं उरेपर्यंत नाचत राहिला. ही चाल 'होर्गालोतेन' या नावाने स्वीडिश लोकसंगीतात आजही वाजते. १९९४ साली गोथेनबर्ग शहरातल्या 'इन फ्लेम्स' या बँडने 'लूनार स्ट्रेन' हा आपला पहिला अल्बम काढला, तेव्हा त्यात ही खेड्यातली चाल एकही शब्द न गाता निव्वळ वाद्यांवर वाजवली. बँडकडे तेव्हा स्वतःचा कायमचा गायकही नव्हता. शेजारच्या 'डार्क ट्रँक्विलिटी'मधल्या मिकाएल स्टाने याला बोलावून त्याच्याकडून गाणी गाऊन घेतली. म्हणजे गायक उसना चालला, चाल मात्र मुलखातली हवी होती. मेलोडिक डेथ मेटल या संगीतप्रकाराचं मर्म या एका व्यवहारात सापडतं असं माझं म्हणणं आहे. या प्रकारात बँड कुठल्या मातीतला आहे हे शब्दांवरून कळत नाही, चालीवरून कळतं. महाराष्ट्रातल्या मेटल बँडांनी गेल्या पंचवीस वर्षांत आपल्याकडच्या कथा घेतल्या, नावं घेतली, देवादिकही घेतले. चाल तेवढी घेतली नाही. आणि चालींचा साठा तर मुंबईपासून माळशेज घाट चढून आलं की लगेच लागणाऱ्या जुन्नर तालुक्यात पडून आहे.

हे पटायचं तर आधी तो आवाज समजून घ्यावा लागेल. डेथ मेटलचा गायक गात नाही, गुरगुरतो. नेहमीच्या गाण्यात आपले स्वरतंतू कंप पावतात. गुरगुरताना त्यांच्या वर असलेल्या मांसल घड्या कामाला लागतात. वैद्यकात त्यांना खोटे स्वरतंतू म्हणतात. त्यातून निघणारा आवाज खोल आणि खरखरीत असतो, पण त्याला नेमका सूर लावता येत नाही. परिणाम असा, की गायकाला चाल सांगताच येत नाही. भावगीत, लावणी, अभंग, चित्रपटगीत या सगळ्यांत चाल गळ्यात असते आणि वाद्यं साथीला असतात. इथे गळा तालाच्या गोटात जाऊन बसतो, ड्रमसारखा आघात करतो, आणि चालीची जबाबदारी गिटारवर येऊन पडते. फ्लोरिडा आणि स्टॉकहोममधल्या सुरुवातीच्या डेथ मेटलला त्याची फिकीर नव्हती. तिथे जडपणा आणि वेग हेच मोल होतं. गोथेनबर्गच्या पोरांनी त्यात 'आयर्न मेडन'ची जोडगिटार आणली. एक गिटार चाल वाजवते, दुसरी तीच चाल तिसऱ्या स्वरावरून समांतर नेते, आणि खाली गळा गुरगुरत राहतो. 'मेलोडिक' हे विशेषण या जोडगिटारीला लागलेलं आहे, गायकाला नव्हे. एकदा हे मान्य केलं की पुढचं ओघाने येतं. ज्या संगीतात शब्द पहिल्या ऐकण्यात जवळजवळ कळतच नाहीत, तिथे स्वतःची ओळख शब्दांत ठेवणारा बँड ती श्रोत्याच्या कानाबाहेर ठेवतो. अल्बमसोबतची पुस्तिका उघडणाऱ्यालाच ती भेटणार.

गुरगुरणं म्हणजे गोंगाट, त्यात कसली कला, हा आक्षेप मराठी घराघरांत आहे. त्यावर फार वेळ घालवायला नको. उघड्या माळावर, ध्वनिक्षेपकाशिवाय, हजारोंच्या जत्रेला ऐकू जाईल असा गळा तमाशातल्या शाहिरांनी कमावला, तेव्हा त्यालाही बैठकीतल्या रसिकांनी आरडाओरडाच म्हटलं. आणि जुन्नर तालुक्याला तर या बाबतीत बोलायला जागाच नाही. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या तोंडून वेद वदवले, त्या रेड्याची समाधी याच तालुक्यात आळे इथे आहे. रेड्याच्या घशातून ऋचा ऐकायला ज्यांची हरकत नव्हती, त्यांनी खरखरीत गळ्याला नाक मुरडू नये.

गोथेनबर्गच्या पहिल्या अल्बमांकडे पुन्हा वळू, कारण युक्तिवादाचा पाया तिथे आहे. 'ॲट द गेट्स'चा पहिला अल्बम 'द रेड इन द स्काय इज अवर्स' १९९२चा. त्यात व्हायोलिन आहे, आणि ते सजावटीला नाही. गिटारी ज्या वाकड्यातिकड्या वाटेने जातात त्याच वाटेने तेही जातं. 'डार्क ट्रँक्विलिटी'चा 'स्कायडान्सर' १९९३चा. त्यात एवढ्या चाली कोंबल्या आहेत की एका गाण्याच्या मालात आजचा बँड तीन गाणी करेल. मग १९९४चा 'लूनार स्ट्रेन', त्यातही तंतुवाद्यं. तिन्ही अल्बम ओबडधोबड आहेत. ध्वनिमुद्रण कुठे पातळ, वादन कुठे धावतं. पण डोळे मिटून ऐकलं तरी हे लोक अमेरिकेचे नाहीत हे कळतं. त्यानंतर १९९५मध्ये 'ॲट द गेट्स'ने 'स्लॉटर ऑफ द सोल' काढला. घट्ट, नेटका, एकही स्वर वाया न घालवणारा. जाणकार त्याला या प्रकाराचा कळस मानतात आणि त्यात तथ्यही आहे. पण त्यातलं व्हायोलिन गेलं, आडवळणं गेली, आणि उरला तो साचा पुढच्या दशकात अमेरिकेतल्या असंख्य बँडांनी सहज उचलला. उचलता आला, कारण त्यात मुलखाची खूण फारशी उरली नव्हती. म्हणून पहिला अल्बम महत्त्वाचा. दुसऱ्या-तिसऱ्या अल्बमपर्यंत कंपनी, दौरे आणि चाहत्यांच्या अपेक्षा येतात. पहिल्या वेळी पोरांच्या कानात लहानपणापासून जे साठलेलं असतं ते गाळणीशिवाय उतरतं. फिनलंडच्या 'अमॉर्फिस'ने १९९४च्या 'टेल्स फ्रॉम द थाउजंड लेक्स'मध्ये 'कालेवाला' या फिनिश महाकाव्यातले शब्द घेतले, तेही इंग्रजी अनुवादात. तो अल्बम फिनिश वाटतो तो त्या इंग्रजी शब्दांमुळे नव्हे, त्याच्या उदास, गोल फिरणाऱ्या चालींमुळे.

आता मुंबई. महाराष्ट्रात या प्रकाराच्या सर्वांत जवळ जाणारा पहिला अल्बम म्हणजे 'डेमॉनिक रिझरेक्शन'चा 'डेमनस्टीलर'. बँड २०००मध्ये उभा राहिला आणि अल्बमही त्याच वर्षीचा. बँडमागचा माणूस साहिल मखिजा, गिटार आणि गळा दोन्ही त्याचे. त्या काळच्या मुंबईत हे काय होतं ते समजून घ्यायला हवं. १९८६पासून धोबीतलावच्या रंगभवनात भरणारा 'इंडिपेंडन्स रॉक' हा रॉकवाल्यांचा वर्षाचा सण. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमाने ते खुलं नाट्यगृहच अशा कार्यक्रमांना बंद झालं. जड आवाजाच्या बँडला जवळ करणारी कंपनी नव्हती. शेवटी मखिजानं स्वतःच 'डेमनस्टीलर रेकॉर्ड्स' काढली, मेटलचे कार्यक्रमही स्वतः भरवले. 'सेप्टर' हा मुंबईचा थ्रॅश बँड १९९८चा, पण त्याचा पहिला अल्बम 'नाऊ ऑर नेव्हर' यायला २००८ उजाडलं. या पार्श्वभूमीवर 'डेमनस्टीलर' निघाला हेच मोठं, आणि त्यात मराठी मुलखाची चाल नाही म्हणून त्या पोरांना जाब विचारणं अन्यायाचं होईल. त्यांच्या कानात स्कँडिनेव्हियातले कीबोर्डभारित बँड होते आणि त्यांनी तेच प्रामाणिकपणे उतरवलं. 'डेमॉनिक रिझरेक्शन' पुढे बरंच लांब गेला. २०१०चा 'द रिटर्न टू डार्कनेस' ब्रिटनच्या 'कँडललाइट'ने काढला आणि त्याच वर्षी 'मेटल हॅमर' मासिकाचा पुरस्कार बँडला मिळाला.

प्रश्न त्यापुढचा आहे. २०१७मध्ये याच बँडने 'दशावतार' नावाचा अल्बम काढला. विष्णूच्या दहा अवतारांवर, मत्स्यापासून कल्कीपर्यंत. कल्पना तगडी, वादन कसलेलं, भारतीय वाद्यांचे रंगही त्यात आहेत. पण 'दशावतार' हे महाराष्ट्रात केवळ पुराणातलं नाव नाही. सिंधुदुर्गात रात्रभर चालणारं ते जितंजागतं नाटक आहे. त्याला पायपेटी, पखवाज आणि झांज यांची साथ असते, राक्षसाच्या प्रवेशाची आणि युद्धाची वेगळी लय असते. गिरणगावातल्या कोकणी माणसाने ते मुंबईतही आणलं होतं. संकासुराच्या प्रवेशाला झांज-पखवाज जो कल्लोळ उठवतात तो डेथ मेटलच्या ड्रमरने ऐकला तर त्याला नवं काही शिकवावं लागणार नाही. अल्बमला कथा पुराणाची मिळाली, नाटकाची चाल मिळाली नाही. आणि गळा गुरगुरता असल्याने ती कथाही पुस्तिका वाचणाऱ्यालाच पोचली. हेच थोड्याफार फरकाने मुंबईतल्या बाकीच्या बँडांचं. 'भयानक मौत'च्या नावात आपल्या भिंतींवरच्या सिनेमाच्या पोस्टरांचा वास आहे, 'स्क्राइब'च्या २०१४च्या अल्बमचं नाव 'हेल मोगॅम्बो'. दोन्ही बँड आपापल्या वाटेवर अस्सल, पण देशीपणा नावात आणि विनोदात. सिंगापूरच्या भारतीय वंशाच्या 'रुद्र' बँडने १९९८च्या पहिल्या अल्बमपासून संस्कृताची वाट धरली आणि स्वतःच्या संगीताला 'वेदिक मेटल' म्हटलं. तिथेही आधी शब्द आले.

यात एकट्या बँडवाल्यांना दोष देता येत नाही, कारण शब्द जपायचे आणि चाल वाऱ्यावर सोडायची ही आपली सगळ्यांचीच सवय आहे. स्वीडनमध्ये १९२२ ते १९४० या काळात 'स्वेन्स्का लोतार' हा संग्रह २४ भागांत छापला गेला. त्यात हजारो लोकधुना स्वरलिपीत आहेत, आणि कुठल्या गावच्या कुठल्या वादकाकडून घेतल्या तेही नोंदलेलं आहे. आपल्याकडे सरोजिनी बाबरांच्या पुढाकाराने लोकसाहित्य समितीने केवढं तरी मोठं काम केलं, पण ते मुख्यतः शब्दांचं. शाहिरांच्या लावण्यांचे संग्रह छापले गेले तेही शब्दांचेच. अशोक दा. रानडे यांनी लोकसंगीताकडे शास्त्र म्हणून पाहायला शिकवलं, पण त्यांच्यामागे रांग लागली नाही. पुण्यात गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गायिकेच्या आणि गावाच्या नावानिशी गोळा केल्या आणि त्यांतल्या अनेकींचे आवाजही टिपून ठेवले. हा अपवाद एवढा मोठा आहे की नियम त्याच्यामुळेच ठळक दिसतो. गोथेनबर्गच्या पोराला आजोबांची चाल ग्रंथालयात मिळत होती. मुंबईच्या पोराला ती मिळवायची तर कल्याणला एसटी पकडून घाट चढावा लागला असता.

घाट चढून आल्यावर ओतूरच्या अलीकडे डिंगोरे लागतं. कल्याण–अहिल्यानगर महामार्गावरचं गाव, पश्चिमेला डोंगर, पूर्वेला बागायती. डिंगोऱ्यात मेटल बँड आहे असं मी म्हणत नाही. पण डिंगोऱ्यात वर्षभर जे कानावर पडतं त्याचा हिशेब मांडून बघा. ओतूर म्हणजे तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांच्या समाधीचं ठिकाण, त्यामुळे टाळ-मृदंगाचं भजन दारातच. लग्नानंतर जागरण-गोंधळ, त्यात दिमडी, तुणतुणं आणि संबळ. यात्रेला हलगी. आणि तासाभराच्या अंतरावर नारायणगाव. चैत्रातल्या यात्रांच्या तोंडावर तिथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच येऊन सुपाऱ्या देतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर याच मातीतल्या. राज्य सरकारचा तमाशातला जीवनगौरव पुरस्कार आज त्यांच्या नावाने दिला जातो.

यातलं तुणतुणं जरा बारकाईने ऐकण्याजोगं आहे. एक तार, एक सूर, अखंड आणि लयीत. त्या एका सुरावर शाहिराची चाल चढते-उतरते आणि मागून झीलकरी ती उचलून धरतात. मेलोडिक डेथ मेटलची गिटार नेमकं हेच करते. जाड तार मोकळी ठेवून तिच्यावर एकच सूर भराभर खणत राहायचा आणि वरच्या तारांवर चाल खेळवायची. दोन्हीकडे हलता सूर थांबलेल्या सुरावर उभा आहे, आणि त्या थांबलेल्या सुरातच ताल भरलेला आहे. युरोपातल्या लोकसंगीतातही असे थांबलेले सूर आहेत, म्हणून तर ते मेटलमध्ये इतक्या सहज उतरलं. झीलकऱ्यांचं काम दुसऱ्या गिटारला देता येतं. संबळाची वाकड्या काठीने वाजणारी बाजू आणि हलगीची कडकड यांना तर ड्रमवर भाषांतराचीही गरज पडू नये. दुहेरी पायांच्या बेस ड्रमने खाली जमीन धरली की वर त्याच लयी ठेवता येतील. दिमडीच्या चालत्या ठेक्यावर जड गिटार बसली तर तिला आजच्या साचेबंद मेटलमध्ये दुर्मीळ झालेली डोलती गती मिळेल. बसेल का, हे अर्थात वाजवूनच ठरेल. पण लूनार स्ट्रेनच्या आधी होर्ग्याची चाल बसेल हेही कुणी लिहून दिलं नव्हतं.

परकं वाद्य, परका प्रकार, त्याला आपली चाल कशाला जुंपायची, असं म्हणणाऱ्यांनी आपल्या वरातीतला बँजो आठवावा. ज्याला आपण बँजो म्हणतो ते टंकांचं तंतुवाद्य म्हणजे बुलबुल तरंग, आणि त्याचं मूळ १९१२ साली जपानच्या नागोया शहरात तयार झालेलं 'ताइशोगोतो'. जपानी वाद्य, त्याला विजेची जोड, भोंग्यातून फाटणारा आवाज, खाली ढोल-ताशाचा गडगडाट आणि वर कोळीगीताची नाहीतर गोंधळाची चाल. मेलोडिक डेथ मेटलची अर्धी कृती आपल्या बँजो पार्टीने मागेच करून ठेवली आहे, फक्त कुणी गुरगुरत नाही (वरातीच्या शेवटी तेही होतं). तमाशात पेटी आली, मग क्लॅरिनेट आलं, आता ऑर्गन आहे. परक्या वाद्याचा विटाळ इथे कधीच नव्हता.

दुसरा आक्षेप संगीतज्ञांचा आणि जास्त वजनदार. आपली चाल एकेरी आहे, ती सुरांच्या मधल्या जागांवर जगते. तिला दुसऱ्या गिटारने तिसऱ्या स्वरावरून समांतर नेलं की तिचा मराठीपणा मरेल. ही भीती खरी आहे, पण पूर्ण खरी नाही. 'सैराट'चा वाद्यवृंद अजय-अतुल यांनी अमेरिकेत, हॉलिवूडच्या सोनी स्टुडिओत ध्वनिमुद्रित केला. पाश्चात्त्य स्वरमेळाच्या एवढ्या ओझ्याखालीही ती गाणी महाराष्ट्राला परकी वाटली नाहीत. २०१६मध्ये ती ज्या गावात वाजली नाहीत असं गाव शोधावं लागेल. अट एकच. मेळ चालीच्या पाठीमागून यावा, चाल मेळाच्या सोयीसाठी वाकवू नये. गिटारच्या पडद्यांना न जुमानणारे सूर तार ओढून काढता येतात, आणि मेटलचे गिटारवादक तार ओढण्यात कुणाला हार जात नाहीत.

फ्यूजनचा कंटाळा आलेल्या वाचकाचं म्हणणं मला अधिक जवळचं वाटतं. गाण्याच्या मध्यावर अचानक तबला, सतारीची चार आवर्तनं, आणि पुन्हा मूळपदावर. असले प्रयोग लोकांनी पुष्कळ सोसले. होर्गालोतेनही 'लूनार स्ट्रेन'वर वेगळं, सुटं वाजतं, म्हणून तेही असलंच कलम नाही का? नाही, कारण ते ऐकून पुढच्या गाण्याकडे गेलं की त्याच घराण्याच्या चाली जड गिटारींत सापडत जातात. सुटा तुकडा तिथे फक्त नातं उघड करतो. मराठी बँडाने हलगी आणली पण रिफ, म्हणजे गिटारवर फिरून फिरून येणारा तुकडा, तसाच परका ठेवला तर ते वाद्यांचं प्रदर्शन झालं. हलगी न आणता रिफच हलगीच्या बोलांवर रचला तर अल्बम मराठी झाला, मग शब्द इंग्रजी का असेनात. भक्तीच्या वाटेने 'अभंग रिपोस्ट'सारखे तरुण अभंगाला रॉकची चौकट देतात तेव्हा तिथे गळा सुरात आहे, चाल आणि शब्द दोन्ही पोचतात. त्यांचा प्रश्न वेगळा आणि सोपा. दिल्लीच्या 'ब्लडीवुड'चं उदाहरण माझ्याविरुद्ध देता येईल: २०२२चा पहिला अल्बम 'रक्षक', शब्दांत हिंदी-पंजाबी, आणि जगभर नाव. पण ते मेलोडिक डेथ मेटल नव्हे. तिथे रॅप आहे, उघड्या गळ्याची ध्रुवपदं आहेत, म्हणून शब्द ऐकू येतात. शिवाय परदेशी श्रोता त्यांच्याकडे वळला तो हिंदी समजून नव्हे, ढोल आणि भांगड्याची उसळी ऐकून. मंगोलियाच्या 'द हू'चा २०१९चा पहिला अल्बम 'द गेरेग'ही तेच सांगतो. त्यांचे मंगोल शब्द किती जणांना कळले असतील? मोरिन खूर हे घोड्याच्या मस्तकाचं तंतुवाद्य आणि घशातलं गाणं मात्र सगळ्यांना कळलं.

सर्वांत अवघड आक्षेप उरतोच, आणि त्याला माझ्याकडे सफाईदार उत्तर नाही. होर्ग्याची चाल कुणाच्या पोटाशी बांधलेली नव्हती. आपल्याकडे चाल जातीला आणि पोटाला बांधलेली आहे. तमाशा महार, मांग, कोल्हाटी समाजांनी जगवला. 'भाऊ-बापू मांग नारायणगावकर' या फडाच्या नावातच ते लिहिलेलं आहे. संबळ गोंधळ्यांच्या घराचं, दिमडी वाघ्यांची. या लोकांना गावाने नाचवलं, ऐकलं आणि वेशीबाहेर ठेवलं. खुद्द विठाबाईंची अखेरची वर्षं विवंचनेत गेली. मेटलची पोरं मात्र बहुतेक शहरी, इंग्रजी शाळेतली, गिटार परवडणारी. त्यांनी येऊन चाल उचलावी, परदेशातल्या महोत्सवात वाजवावी आणि मुखपृष्ठावर 'पारंपरिक' एवढंच छापावं, याला देशीपणा म्हणायचं की जुनीच लूट? कायद्याची मदत थोडकी आहे. पारंपरिक चालीला कुणी मालक नसतो, त्यामुळे तिच्यावर हक्क सांगता येत नाही. पण १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कलावंताच्या सादरीकरणाचा हक्क आहे, आणि २०१२च्या दुरुस्तीने ध्वनिमुद्रणात वाजवणाऱ्या-गाणाऱ्याला व्यापारी वापराच्या मानधनात वाटा मागण्याची सोय झाली. म्हणजे चाल ऐकून घरी जाऊन वाजवली तर देणं लागत नाही, पण संबळवाल्यालाच स्टुडिओत बसवलं तर लागतं. निर्णय बँडने घ्यायचा आहे. दुसरी वाट महाग आणि वेळखाऊ आहे, कलाकाराची वेळ, प्रवास, तालमी सगळं आलं. तरीही तीच वाट बरोबर आहे असं मी म्हणेन. केवळ नीतीसाठी नव्हे, संगीतासाठीही. रेकॉर्डिंगवरून उचललेली चाल सांगाड्यासारखी येते. तिच्यातली झोल देणारी जागा वाजवणाऱ्याच्या हातातच असते. आणि खरं तर याहून चांगली शक्यता वेगळीच आहे: गिटार शहरातून यायची वाट न बघता संबळवाल्याच्या घरातल्या पोराने स्वतःच ती हातात घ्यावी.

साधनांचं काय, हा प्रश्न इथे येणारच. स्वीडनमधल्या पोरांमागे नगरपालिकेच्या संगीतशाळा होत्या, आणि अनुदानावर चालणारी अभ्यासमंडळं तरुण बँडांना तालमीच्या खोल्या देत होती. गोथेनबर्गचा चमत्कार आभाळातून पडला नाही. आपल्या तालुक्यांत कुस्तीला तालीम आहे, संगीताला नाही. पण २०००च्या तुलनेत ध्वनिमुद्रण फार स्वस्त झालं आहे. लॅपटॉप, एक ऑडिओ इंटरफेस आणि दोन बरे मायक्रोफोन एवढ्यावर आज पहिला अल्बम निघतो. जागेचं म्हणाल तर मुंबईतल्या बँडला शेजारी पोलीस बोलावतात, डिंगोऱ्याच्या शिवारात तो त्रास नाही. उलट बिबट्याच्या या तालुक्यात रात्री शेतात मोठ्याने गाणी लावून जा असाच सल्ला मिळतो. समाजमंदिर संध्याकाळी दोन तास मोकळं ठेवणं एखाद्या ग्रामपंचायतीला जड जाऊ नये.

म्हणून पहिल्या अल्बमची जुळवाजुळव करत असलेल्या मुंबई-पुण्याच्या मेलोडिक डेथ मेटल बँडांना एक विनंती. गाण्यांचे विषय नंतर ठरवा, युद्ध असो की पुराण. आधी चैत्रात नारायणगावला जा. राहुट्यांवर गावचे पंच जसे सुपारी देतात तशी तुम्हीही द्या, रोख द्या, आणि ढोलकीवाला, हलगीवाला, तुणतुणेवाला यांना तुमच्या तालमीच्या खोलीत आठवडाभर घेऊन या. अल्बम निघेल तेव्हा तुमच्या नावांच्या ओळीतच त्यांची नावं छापा.